खाऊ! आत्ता खाऊ की नंतर खाऊ?

समोर बशीत एक पेढा. पंधरा मिनिटं हात लावला नाही, तर दुसरा फ्री! तुमच्या घरातलं चार वर्षांचं शेंडेफळ काय करेल? पैज लावण्याआधी जरा दम धरा. याच प्रश्नानं भल्याभल्या शास्त्रज्ञांना अर्धशतकाहून जास्त काळ कामाला लावलंय. बक्षीस दिसलं की चिमुकल्या मेंदूत काय उड्या पडतात? मुलं इतकी आशावादी कशी? आणि त्यांचं मन ठणठणीत राहतं ते कशानं? चला, सफर सुरू! क्रमानं वाचा, नाहीतर उड्या मारत वाचा. विषय मुलांचा आहे, उड्या अलाउड आहेत!

घंटी वाजवा, एकच खा!

मार्शमॅलो टेस्ट माहीत आहे का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची स्वतःची बालवाडी आहे, बिंग नर्सरी स्कूल. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं तिथे हा खेळ मांडला. एक खोली, एक टेबल, त्यावर खाऊ आणि शेजारी एक घंटी. घंटी वाजवली की प्रयोग घेणारी ताई लगेच हजर, पण मग एकच मिळणार. ताई आपणहून येईपर्यंत कळ काढली, तर दोन!

आणि हो, सगळ्यांसमोर मार्शमॅलो, म्हणजे ती मऊ, फुगीर, गोड मिठाई, नव्हताच मुळी. कुणाला बिस्किट, कुणाला खारं प्रेट्झेल. ज्याला जे आवडेल ते. पण नाव झालं ते मार्शमॅलोचं. नशीब एकेकाचं!

वाट बघताना मुलांनी काय काय केलं असेल? डोळ्यांवर हात धरले, टेबलाकडे पाठ फिरवली, गाणी रचली, स्वतःशीच गप्पा मारल्या. चार वर्षांच्या वयात ‘नजरेआड केलं की मोह आटोपतो’ हे यांना कुणी शिकवलं? कुणीच नाही!

मिशेलनी मग एक आयडिया दिली. खाऊकडे बघ, पण समज की तो गुबगुबीत ढग आहे. झालं! मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. ‘किती गोड, किती मऊ’ असा विचार करायला सांगितलं, तेव्हा मात्र घंटी पटकन वाजली. खाऊ तोच, मूल त्याच वयाचं, फक्त डोक्यातलं चित्र बदललं.

संयमाचे गुरू, स्वतः धुराडं

माहीत आहे का? संयमावर जगाला धडे देणारे हे मिशेलसाहेब एके काळी चेनस्मोकर होते. सिगारेटी झाल्या की वर पाइप! शेवटी त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या लेकीशी सौदा केला. तू अंगठा चोखणं सोड, मी पाइप सोडतो. दोघांनीही शब्द पाळला. हा ‘शब्द पाळला’ लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

हवा गेली फुग्यातली

जो थांबला तो जिंकला, असा या टेस्टचा बोलबाला झाला. थांबणारी मुलं पुढे अभ्यासात हुशार, आयुष्यात यशस्वी, वगैरे वगैरे. पालकांनी घरोघरी बश्या मांडल्या.

ट्विस्ट आला २०१८ मध्ये. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची समज हे सगळं हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या मार्कांचा संबंध अगदीच पातळ झाला. थोडक्यात, चिरंजीवांनी पेढा दोन सेकंदांत गट्ट केला म्हणून त्यांच्या करिअरची काळजी करू नका!

काकू खोटं बोलल्या, मुलं शहाणी झाली

आता या यादीतला सगळ्यात भारी प्रयोग. २०१३, रॉचेस्टर विद्यापीठ, संशोधक सेलेस्ट किड. मुलं फक्त २८, वयं तीन ते पाचच्या आसपास. खाऊच्या आधी चित्रकलेचा तास. समोर वापरून झिजलेले खडू. प्रयोग घेणाऱ्या काकू म्हणाल्या, ‘थांब हं, छान नवे रंग घेऊन येते.’

निम्म्या मुलांना काकूंनी खरंच नवे रंग आणून दिले. उरलेल्या निम्म्यांकडे काकू रिकाम्या हातानं परत! ‘सॉरी, रंग संपलेत.’ चकचकीत स्टिकरांच्या बाबतीत पुन्हा तोच प्रकार. मग आला मार्शमॅलो.

निकाल ऐका. शब्द पाळणाऱ्या काकूंची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडणाऱ्या काकूंची? जेमतेम ३ मिनिटं! पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी पूर्ण १५ मिनिटं काढली. दुसऱ्या गटातल्या १४ पैकी फक्त एकानं.

म्हणजे ज्याला आपण ‘उतावीळ’ म्हणतो, ते पोर हिशेबीही असू शकतं. दुसरा खाऊ येणारच नसेल, तर पहिला सोडायचा कशाला? लॉजिक पक्कं!

वर्ल्ड टूर: कोण किती थांबतं?

थांबण्याचा वर्ल्ड कप भरला तर कप कुणाकडे जाईल? कॅमेरूनच्या न्सो समाजातल्या चार वर्षांच्या मुलांवर डाव लावा! जर्मन संशोधक बेटिना लाम यांच्या अभ्यासात न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के शेवटपर्यंत थांबली. शहरी जर्मन मुलांपैकी सुमारे २८ टक्के. काही न्सो पोरं तर इतकी निवांत, की वाट बघता बघता चक्क झोपून गेली!

जपान विरुद्ध अमेरिका सामना तर आणखी मजेदार. २०२२ मधल्या या अभ्यासात खाऊसाठी थांबण्यात जपानी मुलं पुढे. पण खाऊच्या जागी रंगीत कागदात बांधलेलं गिफ्ट ठेवलं आणि पारडं फिरलं. अमेरिकी मुलं आरामात थांबली, जपानी मुलांना धीर धरवेना!

कारण? जपानी घरात सगळे पानावर बसून ‘इतादाकिमास’ म्हणेपर्यंत घास उचलायचा नसतो. आपल्याकडच्या पंगतीत श्लोक संपेपर्यंत हात आवरून बसलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. अमेरिकी मुलं नाताळात झाडाखालच्या बंद खोक्यांकडे कित्येक दिवस नुसतं बघत बसतात. ज्याची सवय, त्याचा संयम!

आणि रेकॉर्डबुकातली सगळ्यात विचित्र नोंद? २०२१ मध्ये कटलफिश नावाच्या समुद्री जिवानंही ही टेस्ट पास केली. साधी कोळंबी आत्ता, की आवडती जिवंत कोळंबी थोड्या वेळानं? काही पठ्ठे तब्बल १३० सेकंद थांबले! कोकणातल्या माकुलाचा हा जवळचा नातलग. माकुल थांबतो, मग आमचा मुकुल का नाही, असं मात्र घरी म्हणू नका!

नेम चुकला, शोध लागला

बक्षिसाचा आनंद मेंदूत नेमका कुठे होतो? याचा पत्ता चुकून सापडला, माहीत आहे का? १९५४, कॅनडातलं मॅक्गिल विद्यापीठ. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर एका उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवत होते. तार भलत्याच जागी बसली. आणि उंदीरमामा? जिथे विजेचा हलका झटका मिळाला होता, त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जायला लागले!

मग उंदरांच्या हाती कळ दिली. दाबा आणि झटका घ्या. उंदरांनी तासाला हजारो वेळा कळ दाबली. ‘अजून! अजून!’ हे मोबाइलच्या जमान्यातलं दुखणं नाही, मंडळी. मेंदूतली ती वायरिंग फार जुनी आहे.

सरप्राइज! डोपामिन हजर

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं कुठेतरी वाचलंय? अर्धंच खरं! वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांच्या रसाचे थेंब देऊन पाहिलं. रस अचानक मिळाला, तर डोपामिनच्या पेशी जोरात कडकडल्या. रोज ठरल्यासारखा मिळायला लागला, तर रस मिळताना पेशी ढिम्म. कडकडाट सरकला तो ‘आता रस येणार’ अशी खूण करणाऱ्या दिव्याकडे. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही गप्प!

म्हणजे मेंदू बक्षीस मोजत नाही, अपेक्षा आणि बक्षीस यांतला फरक मोजतो. रोज होमवर्कनंतर चॉकलेट दिलं की ते बक्षीस राहत नाही, पगार होतो. आणि पगार चुकला की संप ठरलेला!

सरप्राइजवर अख्खा धंदा उभा राहतो. किंडर सरप्राइज हे खेळणं दडवलेलं चॉकलेटचं अंडं इटलीत १९७४ मध्ये आलं. अमेरिकेत मात्र नो एंट्री! का? तिथल्या १९३८च्या कायद्यानुसार मिठाईच्या पोटात न खाण्याजोगी वस्तू लपवायला बंदी. अंडं जन्मायच्या ३६ वर्षं आधी त्याच्यावर बंदी तयार!

खाऊ एका अर्ध्यात, खेळणं दुसऱ्या अर्ध्यात, अशी वाटणी करणारा धाकटा भाऊ किंडर जॉय मात्र आपल्या ओळखीचा. आणि फेरेरो कंपनीचा भारतातला कारखाना कुठे आहे, माहीत आहे का? आपल्या पुणे जिल्ह्यात, बारामतीत! दुकानातला तो रडारडीचा कार्यक्रम तसा लोकलच म्हणायचा.

बक्षीस दिलं, मजा गेली

आता एक उलटा बॉम्ब. १९७३, पुन्हा तीच बिंग नर्सरी. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्केचपेननं रंगवायची आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबिन लावलेलं गुड प्लेयर सर्टिफिकेट मिळेल.’ दुसऱ्या गटाला तेच सर्टिफिकेट न सांगता, अचानक. तिसऱ्याला काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रंगवत होती! खेळाचं काम झालं आणि काम म्हटलं की कंटाळा आलाच. अचानक मिळालेल्या सर्टिफिकेटनं मात्र काही बिघडलं नाही.

याहून छोटी मुलं घ्या. वीस महिन्यांची! जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी पाहिलं, की हातातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ही बाळं आपणहून पुढे येतात. मग मदत केल्यावर काहींना दरवेळी खेळण्याचं बक्षीस दिलं. पुढच्या फेरीत बक्षीसवाल्यांची मदत घटली. काहीच न मिळालेली पोरं मात्र तुरुतुरु धावतच होती.

पदक? तूच घाल!

रोममधली १९०७ साली सुरू झालेली मारिया मॉन्टेसरी यांची पहिली शाळा. वर्गात एका मुलाच्या छातीवर शाबासकीचा चांदीचा क्रॉस. दुसरा मुलगा शिक्षा म्हणून सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलेला. पहिला कामाच्या नादात इकडून तिकडे जात असताना त्याचा क्रॉस खाली पडला. खुर्चीतल्यानं तो उचलला आणि विचारलं, तुझं काय पडलं बघितलंस का? पहिला म्हणाला, मला नकोय. मग मी घालू? घाल की, पण मला काम करू दे!

शिक्षा झालेला पोरगा पदक मिरवत खुर्चीत खूश. पदकवाला पदकाशिवाय खूश. मॉन्टेसरीबाईंनी पुढे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाद केली.

आणि माहीत आहे का, याच बाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या, महायुद्धामुळे भारतातच अडकल्या आणि १९४६ पर्यंत त्यांनी हजारावर शिक्षक तयार केले? त्यांच्या विचारांचं वारं आधीच इथे पोहोचलं होतं. भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून बालमंदिरात रमले. झुपकेदार मिशांमुळे त्यांचं टोपणनाव पडलं ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई! मुलांना ना मार, ना बक्षिसाचं आमिष, हा त्यांचा आग्रह.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. साथीला अनुताई वाघ. मूल शाळेत येत नाही? मग शाळा मुलाकडे! आदिवासी पाड्यांवर थेट अंगणात बालवाडी भरायला लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर माळावरच कुरणशाळा. होम डिलिव्हरी ही कल्पना नवी आहे, असं कोण म्हणतं?

दहा गोळ्या सोडून एकीकडे

कॉम्प्युटरवर चार एलियन. एकावर क्लिक केलं की भरपूर गोळ्या, बाकीच्यांकडे चिल्लर. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मोठ्यांनी ८६ टक्के वेळा त्या दिलदार एलियनलाच धरलं. चार-पाच वर्षांच्या मुलांनी? फक्त ४३ टक्के वेळा! त्यांना कळत नव्हतं असं नाही. जास्त कोण देतं, ते जवळजवळ सगळ्यांनी अचूक सांगितलं. पण ‘बाकीचे काय देतात’ ही उत्सुकता गोळ्यांपेक्षा गोड होती.

देण्यातली गंमत

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला बिस्किटं देण्यात आनंद, की घेण्यात? कॅनडात लारा अॅक्निन, काइली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन यांनी २०१२ मध्ये बाळांसमोर माशाच्या आकाराची बिस्किटं ठेवली आणि एक बाहुलं आणलं. चेहऱ्यावरचं हसू मोजलं. बिस्किटं मिळाल्यावर बाळं हसली. बाहुल्याला दिल्यावर जास्त हसली. आणि स्वतःच्या वाटीतलं बिस्किट काढून दिल्यावर सगळ्यात जास्त! हे पोर मोठं झाल्यावर भावंडाला चिमटे काढतं, तो विषय वेगळा.

ताशी १७ वेळा धप्प!

आशावादाचं वर्ल्ड रेकॉर्ड कुणाच्या नावावर? नुकतं चालायला लागलेल्या बाळाच्या! न्यूयॉर्कच्या कॅरन अॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांची पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा धप्प! ऑफिसात तासाला सतरा वेळा आपटलो असतो, तर आपण राजीनामा टाकला असता. बाळ उठतं, पार्श्वभाग झटकतं, चालू लागतं.

बालवाडीतल्या मुलांना विचारा, दहा चित्रं दाखवली तर किती लक्षात राहतील? ‘दहा!’ छाती पुढे काढून उत्तर. जॉन फ्लेवेल यांनी १९७० मध्ये हेच विचारलं. प्रत्यक्षात लक्षात राहिली साधारण तीन-चार. पुढच्या वेळी पुन्हा विचारलंत तरी कॉन्फिडन्स तोच! आणि हा भ्रम कामाचा आहे, असं डेव्हिड बियॉर्कलंडसारखे अभ्यासक सांगतात. आपल्याला जमत नाही हे कळलंच नाही, तर पोरगं सोडणार कसं?

येल विद्यापीठात क्रिस्टी लॉकहार्ट यांनी आणखी गंमत पाहिली. आत्ता कुणी वाईट वागत असेल, कुणाला एखादी गोष्ट जमत नसेल, तर मोठेपणी काय होईल? पाच-सहा वर्षांची मुलं म्हणाली, मोठेपणी एकदम मस्त होईल! मोठी माणसं इतकी उदार नव्हती. ‘जित्याची खोड’ ही म्हण कुणी पाच वर्षांच्या पोरानं नक्कीच रचलेली नाही.

बॅटमॅन, जरा अभ्यासाला बस!

कंटाळवाणं काम, समोर आयपॅडवर गेम. चार आणि सहा वर्षांची १८० मुलं. दहा मिनिटं काम करायचं, गेमचा ब्रेक केव्हाही घेता येईल. जास्त वेळ कोण टिकलं? ज्यांना बॅटमॅन, बॉब द बिल्डर, रॅपन्झेल किंवा डोरा व्हायला सांगितलं ते! मुलं स्वतःलाच विचारत होती, ‘बॅटमॅन काम करतोय का?’ २०१७ मधल्या या शोधाला नाव पडलं बॅटमॅन इफेक्ट. घरात टॉवेल आहे ना? बांधा खांद्याला!

आणि तुम्ही स्वतः धडपडताना मुलांना दिसता का? दिसायला हवं! एमआयटीत १५ महिन्यांच्या बाळांसमोर एका मोठ्या माणसानं डब्यातलं खेळणं काढायला झटापट केली आणि शेवटी काढलं. मग बाळांच्या हाती वेगळंच खेळणं दिलं. झटापट पाहिलेली बाळं बटण दाबायचा प्रयत्न जास्त वेळा करत राहिली. ज्यांच्यासमोर सगळं चुटकीसरशी झालं, ती लवकर थांबली. बरणीचं झाकण उघडत नाहीये? मुलासमोरच झगडा!

‘अप्रतिम!’ जरा जपून

डच संशोधक एडी ब्रुमेलमान यांनी मुलांकडून व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढून घेतली. काहींना ‘सुंदर’ असा शेरा, काहींना ‘कमालीचं सुंदर!’ मग विचारलं, आता सोपं चित्र काढणार की अवघड? स्वतःबद्दल आधीच साशंक असलेली मुलं ‘कमालीचं’ ऐकून सोप्याकडे पळाली. शिखरावर बसवलं की पडायची भीती वाटते!

मग कौतुक करायचं कसं? शिकागोत १ ते ३ वर्षांच्या मुलांच्या घरी व्हिडिओ शूटिंग झालं. ‘किती मेहनत घेतलीस’, ‘छान युक्ती काढलीस’ असं ऐकत वाढलेली मुलं पाच वर्षांनी अवघड कामाला जास्त उत्सुक होती. ‘हुशार बाळ ते!’ पेक्षा ‘कसं केलंस ते?’ भारी पडतं.

भॉक! आणि डार्विन

उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन भॉक खेळायचे, माहीत आहे का? १८३९ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या प्रत्येक हालचालीची त्यांनी टिपणं ठेवली. बरोबर ११० व्या दिवशी बाळाच्या तोंडावर कापड टाकून झटकन काढलं, तर बाळ खुदखुदलं! १८७७ मध्ये ही टिपणं चक्क शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. सरप्राइजची मजा चौथ्या महिन्यातच कळते तर!

फरशीवर लोळून चाललेला आकांत अनंतकाळ चालणार, असं वाटतं ना? मायकेल पोटेगल यांनी घड्याळ लावलं. तीन चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांत आटोपतात. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी लांबी तर अर्धा ते एक मिनिटच. तो वेळ लांबतो, तो फक्त आपल्याला!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रोनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग तर काळीज हलवतो. आई बाळाशी हसतखेळत बोलते आणि मग काही मिनिटं चेहरा कोराकरकरीत. बाळ हसतं, हात करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवून रडायला लागतं. बाळाचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे समोरचा बोलका चेहरा. हातातला फोन खाली ठेवायला याहून चांगलं कारण नको.

एक मिनिट, गंमत बाजूला

तीन वर्षांच्या मुलाला नैराश्य येऊ शकतं? येऊ शकतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉ. जोन लूबी यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलंय. महत्त्वाची खूण म्हणजे खेळातली मजाच नाहीशी होणं. आवडतं खेळणं समोर, आवडता खाऊ समोर, आणि मुलाचे डोळे चमकतच नाहीत. हे कित्येक दिवस टिकलं, तर ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून सोडू नका.

आता चांगली बातमी! लूबी यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात ३ ते ६ वर्षांची २२९ मुलं आणि त्यांचे पालक होते. १८ आठवडे थेरपी, पण औषधाची नाही. पालक मुलाशी खेळतात, थेरपिस्ट काचेपलीकडून बघतात आणि पालकांच्या कानातल्या इयरफोनमध्ये सांगतात, ‘आता त्याच्या रागाला नाव द्या, आता थांबा, आता जवळ घ्या.’ अनेक मुलांचं नैराश्य ओसरलं. त्यांच्या मेंदूची बक्षिसाला मिळणारी दादही पुढच्या तपासणीत वाढलेली दिसली!

आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांना विचारा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइनही आहे. नंबर १४४१६.

लेकीनं बापाला सुधारलं

आशावादाचे जगप्रसिद्ध अभ्यासक मार्टिन सेलिगमन स्वभावानं कसे असतील? चिडके! त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. बागेत तण काढताना पाच वर्षांची लेक नाचत होती, त्यांनी तिला झापलं. ती निघून गेली, परत आली आणि म्हणाली, तीन वर्षांची असल्यापासून मी सारखी किरकिर करायचे, पाचव्या वाढदिवसाला ठरवलं की बंद. मी किरकिर थांबवू शकते, तर तुम्ही चिडचिड थांबवू शकता! साहेब सपाट. १९९८ मध्ये ते अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि माणसाच्या बळांचा अभ्यास करा, असं सांगणारी चळवळ त्यांनी उभी केली.

निकाल जाहीर!

श्रीमंत देशांमध्ये सगळ्यात आनंदी मुलं कुठली? युनिसेफच्या २०२० च्या अहवालात पहिला नंबर नेदरलँड्सचा. तिथली मुलं सकाळी ब्रेडवर लोणी लावून वर चक्क चॉकलेटची शेव पसरून खातात! पण पहिला नंबर काही शेवेमुळे आला नसावा, त्यामुळे उद्याच्या डब्यात ती भरू नका.

सगळ्या प्रयोगांची गोळाबेरीज केली, तर खाऊचा आकार फारसा महत्त्वाचा ठरत नाही. आशावाद मुलं जन्मतः घेऊनच येतात, तोही होलसेलमध्ये. आपण सांभाळायचं ते एवढंच, की दिलेला शब्द खरा व्हावा, आनंद अधूनमधून न सांगता यावा आणि समोरचा चेहरा बोलका असावा. तेव्हा नवं स्टिकरचार्ट आणण्याआधी जुनी उधारी तपासा. रविवारी बागेत नेतो म्हणाला होतात ना? मग न्या!